कळसूत्री बाहुल्यांचा खेळ : एका वृत्तीचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

वारणानगराहून ह्या विषयाचा शोध घेण्यास निघालेल्या अभ्यासकास दोन वाटा मोकळ्या आहेत. पहिली वाट वारणेच्या प्रवाहाबरोबर खाली जाते आणि जेथे ही नदी कृष्णेस मिळते त्या हरिपुराशेजारी, सांगलीस, पोहोचते. दुसरी वाट कोल्हापूरवरून सह्याद्रीचा घाट उतरून कोकणात, कुडाळ तालुक्यातील पिंगुळी ह्या गावी जाते. सांगलीस विष्णुदास भावे यांनी १८४३ साली मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, हे सर्वश्रुत आहे; परंतु ते स्वतः लाकडी बाहुल्या घडविणारे कुशल कारागीर होते, ही गोष्ट आपल्या नाट्येतिहासात बहुधा तळटीपेपुरतीच उरते. पिंगुळीस ठाकर समाजाची काही घराणी कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी असे तीन खेळ पिढ्यानपिढ्या करीत आली आहेत. त्यांचा उल्लेख लोककलेवरील ग्रंथांत आढळतो, पण नाट्येतिहासात क्वचितच आढळतो.

ह्या दोन्ही ठिकाणांसंबंधी जे लेखन झाले आहे त्यात बाहुलीचे रूप, तिचा पेहराव, कथेचे मूळ, खेळाचे प्राचीनत्व इत्यादींचा विचार पुष्कळ आहे. मात्र बाहुल्या करणारा आणि नाचविणारा मनुष्य जगत कसा होता, त्यास कोण देत होते, कशाबद्दल देत होते, आणि ते देणे थांबले तेव्हा त्याने काय केले, हे प्रश्न क्वचितच विचारले गेले आहेत. प्रस्तुत लेखात हेच प्रश्न पुढे ठेवावयाचे आहेत.

मराठी कागदपत्रांत ‘वृत्ती’ हा शब्द एका विशिष्ट अर्थाने येतो. वृत्ती म्हणजे उपजीविका, हे खरेच. पण ती हक्काची उपजीविका होय. जोशाची वृत्ती, गुरवाची वृत्ती असे आपण म्हणतो तेव्हा केवळ त्यांचा धंदा अभिप्रेत नसतो. अमुक गावाने वा देवस्थानाने त्यास अमुक प्रसंगी अमुक द्यावयाचे, आणि ते दुसऱ्या कोणी घ्यावयाचे नाही, असा संबंध त्यात गृहीत असतो. बाहुल्यांचा खेळ ही दीर्घकाळ अशा प्रकारची वृत्ती होती. ती मोडली तेव्हा खेळ करणाऱ्यांस नव्या आश्रयाचा शोध घ्यावा लागला. ह्या स्थित्यंतरात बाहुल्या बऱ्याच अंशी टिकल्या. खेळाबरोबर म्हटला जाणारा पाठ मात्र टिकला नाही, किंवा टिकला तो फार क्षीण झाला. असे का घडले, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

२. प्राचीन उल्लेखांची मर्यादा

बाहुल्यांच्या प्राचीनत्वाविषयी वाद जुना आहे. संस्कृत नाटकातील ‘सूत्रधार’ हा शब्द मूळचा बाहुल्यांची दोरी हाती धरणाऱ्याचा असावा, हे मत गेल्या शतकापूर्वीच शंकर पांडुरंग पंडित यांच्यासारख्या संशोधकांनी मांडले होते. रिशार्ड पिशेल यांनी १९०० साली बाहुल्यांच्या खेळाचे मूळ घरच हिंदुस्थान आहे असे प्रतिपादन केले. पुढे हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९१६ साली महाभाष्यातील ‘शौभिक’ ह्या शब्दाची चर्चा करून छायानाट्याचा प्रश्न उपस्थित केला. कीथ यांनी १९२४ सालच्या आपल्या ग्रंथात नाटकाची उत्पत्ती बाहुल्यांपासून झाली हे मत स्वीकारले नाही. सूत्रधार म्हणजे मोजमापाचे सूत्र धरणारा, रंगभूमीची आखणी करणारा, असाही अर्थ संभवतो. तेव्हा केवळ एका शब्दावर इतकी मोठी इमारत उभारणे धोक्याचे आहे, हे मान्य केले पाहिजे.

तथापि बाहुल्या होत्या, ह्याविषयी शंका नाही. महाभारतात मनुष्याच्या पराधीनतेस दारुमयी योषेची, म्हणजे लाकडी बाहुलीची, उपमा दिलेली आहे. इ. स. ९०० च्या सुमारास राजशेखराने रचलेल्या ‘बालरामायणा’त सीतेची यांत्रिक बाहुली रंगभूमीवर येते आणि तिच्या मुखात बसविलेली सारिका तिच्या वतीने बोलते. महाराष्ट्राशी आपल्या कुळाचे नाते अभिमानाने सांगणाऱ्या ह्या नाटककाराने ‘बोलक्या बाहुली’ची कल्पना इतक्या पूर्वी वापरावी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, चित्रांच्या साहाय्याने कथा सांगणाऱ्या ‘चित्रकथका’ची गणना झाली आहे. ज्ञानेश्वरीत (शके १२१२) बाहुल्याकरिता ‘साइखडे’ हा शब्द येतो, आणि दोरीच्या आधीन असलेल्या त्याच्या हालचालीचा दृष्टांत दिला जातो. दृष्टांत नेहमी श्रोत्यांच्या परिचयातला असावा लागतो. त्यावरून तेराव्या शतकातील मराठी श्रोत्यास हा खेळ ठाऊक होता, एवढे अनुमान निर्धास्तपणे करता येते.

परंतु ह्या सर्व उल्लेखांत एक उणीव समान आहे. त्यांत दोरी आहे, बाहुली आहे, क्वचित पाहणाराही आहे. दोरी धरणारा मनुष्य मात्र कोठेच नाही. तत्त्वज्ञास त्याची गरज केवळ ईश्वराच्या उपमेपुरती वाटली. त्याचे घर, त्याचे गाव, त्याचे उत्पन्न यांची नोंद करण्याचे कोणास कारण नव्हते. म्हणून वृत्तीच्या इतिहासासाठी आपणांस अलीकडच्या, पाऊलखुणा स्पष्ट असलेल्या काळात यावे लागते.

३. सांगली : राजाश्रय आणि तिकीट

१८४२ च्या सुमारास उत्तर कानड्यातील भागवत मंडळी सांगलीस आली आणि त्यांचे खेळ संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी पाहिले. अशाच प्रकारचे, परंतु अधिक नेटके खेळ मराठीत व्हावेत, ही त्यांची इच्छा आश्रितांपैकी विष्णुदास भावे यांनी पुरी केली. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ झाले. हा वृत्तान्त पाठ्यपुस्तकांत असल्याने येथे विस्तार करीत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, ह्या कामासाठी निवडला गेलेला मनुष्य कवी जितका होता तितकाच हातकसबी होता. लाकूड कोरून हालती-चालती बाहुली करणे ही भावे यांची आवड होती, आणि त्यांनी घडविलेल्या बाहुल्या त्यांच्या मागे राहिल्या.

चिंतामणराव १८५१ साली निवर्तले. राजाश्रयाची एक अडचण अशी की तो व्यक्तीचा असतो. दाता गेला की देणेही संपते. भावे यांस सांगलीत पुढे आधार उरला नाही, आणि नाटकमंडळी घेऊन त्यांनी गावोगाव फिरण्यास आरंभ केला. १८५३ साली ते मुंबईस गेले व तेथे ग्रँट रोडवरील नाट्यगृहात पैसे घेऊन त्यांनी खेळ केले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात ही घटना व्यावसायिक रंगभूमीचा प्रारंभ म्हणून नोंदली जाते. वृत्तीच्या इतिहासात तिचा अर्थ याहून निराळा आहे. आजवर खेळ करणाऱ्यास ‘देणारा’ होता. आता ‘विकत घेणारा’ आला. देणाऱ्यास खेळ वर्षानुवर्षे तोच चालतो, किंबहुना तोच हवा असतो. विकत घेणाऱ्यास दर वेळी काही नवे लागते. सुमारे दहा वर्षे फिरून भावे ह्या व्यवसायातून निवृत्त झाले. १८८५ साली त्यांनी ‘नाट्यकवितासंग्रह’ छापला, आणि १९०१ साली त्यांचे निधन झाले.

‘नाट्यकवितासंग्रह’ ही लहान गोष्ट नव्हे. नाटकांतील पदे छापली गेली, म्हणून त्यांचा पाठ आज आपल्या हाती आहे. नाटकास हे भाग्य लाभले, कारण नाटककार लिहिणारा होता. त्याच हातांनी घडविलेल्या बाहुल्यांचे तसे झाले नाही. त्या पुढे रामदास पाध्ये यांच्याकडे आल्या. त्यांनी त्यांची डागडुजी करून त्या पुन्हा रंगमंचावर नाचविल्या. म्हणजे एका शतकाहून अधिक काळानंतर बाहुल्यांचे शरीर परत मिळाले, परंतु भावे त्या नाचवीत त्या वेळचे बोलणे, ताल आणि विनोद कोणाच्या कंठात उरले नव्हते. ते नव्याने बसवावे लागले.

४. पिंगुळी : देवळाचा हक्क आणि घरचे संग्रहालय

पिंगुळीच्या ठाकरांची परंपरा ह्याहून वेगळ्या पायावर उभी होती. आपल्या पूर्वजांनी शिवकाली गावोगाव खेळ करीत हेरगिरी केली, असे हा समाज सांगतो. सावंतवाडीच्या भोसले घराण्याचा आश्रय आपणांस लाभला, आणि ठरावीक देवळांत ठरावीक घराण्यांनी उत्सवप्रसंगी खेळ करावयाचा हा हक्क त्यातून आला, ही परंपराही ते सांगतात. ह्या आठवणींचा ऐतिहासिक तपास दफ्तरांतून व्हावयास हवा. परंतु त्यांतून व्यक्त होणारी समजूत महत्त्वाची आहे. खेळ करणे हे त्यांच्या दृष्टीने याचना नव्हते आणि विक्रीही नव्हती. ते देवाचे व गावाचे काम होते, आणि मिळणारे धान्य वा पैसा हा त्या कामाचा मान होता.

ह्या वृत्तीची साधने पाहिली तर तिचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. चित्रकथीची ‘पोथी’ म्हणजे सुट्या चित्रांचा संच. कागदावर रंगविलेली दोन चित्रे पाठीस पाठ चिकटवून एक पान होते, आणि रामायण-महाभारतातील एकेका आख्यानासाठी अशी पाने क्रमाने लावलेली असतात. कथेकरी एकेक पान प्रेक्षकांसमोर उभे धरून कथा गातो. साथीस वीणा, हुडूक आणि टाळ असतात. चामड्याच्या बाहुल्या पांढऱ्या पडद्यामागे दिव्याच्या उजेडात नाचतात. कळसूत्री बाहुल्या लाकडाच्या असून दोऱ्यांवर चालतात. तिन्ही खेळांतील कथा बहुतांशी एकच, आणि त्या सांगणारी घराणीही तीच. म्हणजे चित्र, चामडे आणि लाकूड ही तीन निराळी अंगे असली तरी त्यांना जोडणारा प्राण एकच होता, तो म्हणजे मुखोद्गत पाठ. पोथी असे नाव असूनही तीत एक अक्षर लिहिलेले नसते. अक्षरे कथेकऱ्याच्या जिभेवर असतात. मुलगा बापाच्या पाठीमागे बसून टाळ वाजविता वाजविता ती ऐकतो, आणि पुढे केव्हातरी पान त्याच्या हाती येते. ह्या शिक्षणास शाळा नव्हती, तशीच सुटीही नव्हती. जितके खेळ होत तितकाच पाठ चालू राही.

१९४८ साली सावंतवाडी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढील दशकात वतने व इनामे रद्द करणारे कायदे झाले, आणि गावाने कोणास काय द्यावयाचे ह्या जुन्या व्यवस्थेचा आधारच सुटला. देवळातील खेळ एकदम बंद पडले असे नाही. काही ठिकाणी तो मान पुढेही चालू राहिला. परंतु मानावर घर चालेना. त्यातच सिनेमा आला, रेडिओ आला, आणि गावातील रात्र पूर्वीसारखी मोकळी राहिली नाही. घराण्यांतील तरुण शेतमजुरीकडे आणि नोकरीकडे वळले. खेळ कमी झाले. खेळ कमी झाले म्हणून पाठाची आवृत्तीही कमी झाली.

ह्याच काळात एक विलक्षण गोष्ट घडली. ह्या परंपरेच्या जवळची जुनी चित्रे पैठण येथे सापडल्यामुळे अभ्यासकांत ‘पैठण शैली’ हे नाव रूढ झाले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी त्यांचे जतन झाले. आना दालापिकोला यांनी १९८० साली त्यांवर जर्मन भाषेत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चित्रांची कीर्ती वाढली, पण ती ज्या गावी सापडली त्या गावाच्या नावाने. जी घराणी ती चित्रे गात असत त्यांचे नाव त्यांस मिळाले नाही. कलावस्तू आणि कलावंत यांची फारकत कशी होते ह्याचे याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

पिंगुळीचे परशुराम विश्राम गंगावणे यांचे कार्य ह्या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे. त्यांनी आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर संग्रहालयात केले, आणि ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ ह्या नावाने तेथे बाहुल्या, पोथ्या व वाद्ये मांडली. त्यांच्या मुलांनीही हे काम पत्करले. येथे येणारा पाहुणा संग्रह पाहतो, खेळ ऐकतो, आणि चित्र वा बाहुली विकतही घेतो. २०२१ साली भारत सरकारने गंगावणे यांस पद्मश्री दिली. ह्या घटनेचे मोल मोठे आहे. प्रथमच संग्रह करणारा, दाखविणारा आणि गाणारा हे एकाच घरातील आहेत. वस्तू गावाबाहेर गेलेली नाही आणि तिचे नावही परके नाही. तथापि आश्रयाचे स्वरूप येथे पुन्हा बदलले आहे, हे नजरेआड करता येत नाही. देवळातील श्रोता रात्रभर बसत असे आणि त्यास कथा आधीच ठाऊक असे. संग्रहालयातील पाहुण्यास पुढे जावयाचे असते. त्याच्यासाठी आख्यानाचा मासला पुरतो. मासला वारंवार सांगितला जातो, म्हणून तो उत्तम राहतो. त्याच्या अलीकडचा व पलीकडचा भाग मात्र विस्मृतीत जाण्याचा धोका असतो.

५. कृष्णेपलीकडे : घरात मराठी, पडद्यावर परभाषा

मराठी बाहुलेवाल्यांचा इतिहास महाराष्ट्राच्या सीमेत संपत नाही. कर्नाटकात चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ‘तोगलु गोंबेयाट’ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तो करणाऱ्या किळ्ळेक्यात, शिळ्ळेक्यात वा कटबू नावाच्या समाजाची घरगुती भाषा मराठीचीच एक बोली आहे. एडगर थर्स्टन यांनी १९०९ साली दक्षिण हिंदुस्थानातील जातिजमातींवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या समाजाची नोंद आहे. आंध्रातील ‘तोलु बोम्मलाट’ आणि तमिळनाडूतील चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या अनेक घराण्यांतही मराठी बोलली जाते. त्यांपैकी काहींच्या परंपरेत तंजावरच्या मराठी राज्याचा, म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत टिकलेल्या राजवटीचा, संबंध सांगितला जातो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने ह्यातील अर्थपूर्ण गोष्ट अशी की, घरात मराठी बोलणारी ही मंडळी पडद्यामागून कन्नड, तेलुगू किंवा तमिळ पाठ म्हणतात. पाठाची भाषा खेळ करणाराची नसते, आश्रय देणाराची असते. गाव ज्या भाषेत ऐकेल त्या भाषेत रामकथा सांगावी लागते. कर्नाटकात पाऊस न पडल्यास हा खेळ करवावा, अशी गावकऱ्यांची श्रद्धा होती. म्हणजे येथेही खेळ ही करमणूक म्हणून विकली जात नव्हती. गावाच्या एका गरजेशी ती बांधली गेली होती, आणि त्या गरजेतूनच खेळ करणाऱ्यास हक्क प्राप्त होत होता. ज्या महिन्यांत खेळ नसत त्या महिन्यांत नदीकाठची कटबू मंडळी मासेमारी करीत. एकाच उत्पन्नावर विसंबून न राहण्याचे हे शहाणपण ह्या वृत्तीत प्रथमपासून होते, असे दिसते.

ह्या घराण्यांत स्त्रियांचे स्थानही विशेष आहे. पडद्यामागे स्त्रीपात्रांचे आवाज बहुधा स्त्रिया देतात, आणि गायनाचा मोठा भार त्यांच्यावर असतो. कोप्पळ जिल्ह्यातील भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांस २०२५ साली, वयाच्या नव्वदीनंतर, पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावातच त्यांची वृत्ती आहे. आंध्रातील दळवाई चलपती राव यांस हाच सन्मान २०२० साली मिळाला होता. त्यांच्या भागातील निम्मलकुंटा ह्या गावी चामड्यावर कोरून रंगविण्याची जुनी कला आता दिव्यांची आवरणे आणि भिंतीवरील चित्रे करण्यासाठी वापरली जाते. ह्या मालास बाजार आहे, आणि त्यावर अनेक घरे चालतात. कारागिरी येथे वाचली, इतकेच नव्हे तर भरभराटीस आली. पण दिव्याच्या आवरणावरील हनुमान बोलत नाही. उजेड त्याच्या मागे पूर्वीइतकाच आहे. उजेडाशेजारी बसून त्याच्या तोंडी शब्द घालणारा कंठ मात्र त्या विक्रीत समाविष्ट नाही.

६. मुंबई : बाहुली बोलू लागते

वृत्तीचा कोणताही वारसा नसताना बाहुल्यांवर संसार उभा करता येतो काय? यशवंत केशव पाध्ये आणि त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांची उदाहरणे ह्या प्रश्नाचे उत्तर देतात. यशवंत पाध्ये यांनी शब्दभ्रम ही पाश्चात्त्य विद्या आत्मसात करून ‘अर्धवटराव’ हे मराठी पात्र उभे केले. ह्या बाहुल्याची शताब्दी २०१६ साली साजरी झाली. रामदास पाध्ये हे शिक्षणाने यंत्र-अभियंता. १ मे १९६७ रोजी त्यांनी पहिला खेळ केला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, आणि बोलक्या बाहुल्यांस नवे दालन मिळाले. पुढे पापडाच्या जाहिरातीतील त्यांचा ससा देशभर पोहोचला, आणि १९९३ सालच्या ‘झपाटलेला’ ह्या चित्रपटातील तात्या विंचू हे बाहुले मुलांच्या तोंडी झाले.

येथे आश्रयदाता एक नाही; तो नाट्यगृहातील प्रेक्षक आहे, शाळा आहे, दूरदर्शन आहे, जाहिरातदार आहे आणि चित्रपटनिर्माताही आहे. म्हणूनच एक दार बंद झाले तरी दुसरे उघडे राहते. मासेमारी आणि खेळ यांची सांगड घालणाऱ्या कटबूंचे शहाणपण नगरात नव्या रूपाने अवतरले, असे म्हणता येईल. यंत्रशास्त्राचे ज्ञान बाहुली घडविण्यास उपयोगी पडले, आणि घडविणारा व नाचविणारा एकच राहिला. तथापि ह्या व्यवसायात पाठ म्हणून काही वारशाने येत नाही. अर्धवटरावाचे बोलणे प्रत्येक पिढीने, किंबहुना प्रत्येक प्रयोगाने, नवे करावयाचे असते. त्याची थोरवी ताजेपणात आहे. पात्राचा वारसा येथे चालतो, शब्दांचा चालत नाही, आणि चालू नये. म्हणून पाध्ये यांचा मार्ग उज्ज्वल असला तरी पिंगुळीच्या घराण्यांस तो जसाच्या तसा देता येत नाही. त्यांच्याजवळ जे आहे ते नेमके ताजे नसण्यात मोलाचे आहे.

७. समारोप

वरील चार उदाहरणांवरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, बाहुलेवाल्याची उपजीविका जुन्या काळी बाहुलीच्या किमतीवर उभी नव्हती. ती खेळ करण्याच्या हक्कावर उभी होती. दुसरा असा की, हक्क गेल्यावर ज्यांनी तग धरला त्यांनी उत्पन्नाची साधने अनेक केली. एकट्या राजाश्रयावर किंवा एकट्या तिकिटावर ही वृत्ती दीर्घकाळ चालल्याचे दिसत नाही. तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा, असा की नव्या काळाने वस्तूस आश्रय दिला, पाठास दिला नाही. चित्र भिंतीवर लागते, बाहुली कपाटात राहते, चामड्याचा दिवा होतो. रात्रभर चालणारे आख्यान मात्र कशातच मावत नाही. ते विकत घेऊन घरी नेता येत नाही, म्हणून त्यास कोणी गिऱ्हाईक नाही.

ह्यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. जुनी वृत्ती ही केवळ हक्क नव्हती, ती बेडीही होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) ह्या ग्रंथात फिरस्त्या जातींचे जे कठोर वर्णन केले आहे, त्यात कुणब्यावर पडणाऱ्या भाराची तक्रार आहे. गाव त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहत होता हे त्यावरून कळते. जन्माने ठरलेला धंदा, दुसऱ्याच्या दारी उभे राहणे, अर्धपोटी रात्री, हेही त्या परंपरेचेच अंग होते. एखाद्या कथेकऱ्याचा मुलगा शिक्षक झाला वा कारकून झाला, तर त्यात शोक करण्यासारखे काही नाही. आपण विद्यापीठात वेतन घेऊन बसलेल्यांनी त्यास ‘परंपरा राख’ असा उपदेश करणे तर अगदीच अशोभनीय होय. परंपरा राखावयाची असेल तर तिचा खर्च कोणी करावयाचा, ह्या प्रश्नाचे उत्तर आधी दिले पाहिजे.

त्या खर्चातील आपला वाटा कोणता, हे मात्र स्पष्ट आहे. पाठ लिहून घेणे व ध्वनिमुद्रित करणे हे काम बाजार करणार नाही, संग्रहालय एकट्याने करू शकणार नाही; ते भाषेच्या आणि इतिहासाच्या विभागांचेच काम आहे. पिंगुळीच्या घराण्यांतील ज्यांस आख्याने पूर्ण येतात त्यांच्याकडून ती संपूर्ण, मासल्यापुरती नव्हे, घेतली पाहिजेत. आणि त्याबद्दल त्यांस योग्य मोबदला, तसेच पाठावर त्यांच्या घराण्याचे नाव दिले पाहिजे. ‘पैठण शैली’सारखी चूक पुन्हा होता कामा नये. सावंतवाडीकडील मोडी कागदांत देवळांच्या खर्चाच्या नोंदी पाहून खेळाच्या हक्काचा मागोवा घेतला पाहिजे. कृष्णेपलीकडील कटबूंच्या घरगुती मराठीचा अभ्यास कन्नड जाणणाऱ्या सहाध्यायांच्या सहकार्याने झाला, तर आपल्या भाषेच्या प्रवासाचा एक विसरलेला अध्याय उजेडात येईल. ही तीन कामे तीन प्रबंधांना पुरतील.

वारणेच्या खोऱ्यात आश्रयाचा एक चौथा प्रकार आपण पाहिलेला आहे. तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने ज्या सहकारी साखर कारखान्याभोवती वारणानगर वसले, त्याच्याच छायेत शेतकऱ्यांच्या मुलांचा वारणा बालवाद्यवृंद उभा राहिला. राजा नाही, देवस्थान नाही, तिकीटखिडकीही नाही. सभासदांच्या सामाईक उत्पन्नातून मुलांच्या हाती वाद्ये आली. हा प्रयोग बाहुल्यांच्या बाबतीत कोणी करून पाहिलेला नाही. उद्या घाटाखालचा एखादा वृद्ध कथेकरी घाटावर येऊन चार महिने आपले आख्यान मुलांस शिकवील आणि त्याचा खर्च एखादी सहकारी संस्था उचलील, ही कल्पना अशक्य कोटीतली वाटत नाही. तोवर निदान ऐकून घेण्याचे काम आपल्या हाती आहे. पाने शाबूत असून ती म्हणणारे ओठ मिटले, की चित्रकथीतील कथी जाते आणि केवळ चित्र राहते. चित्रे जपणारे पुष्कळ भेटले. कथेला आजवर तसे कोणी भेटलेले नाही.